चौदा भिंतींवरचे हात

अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी दोन वाजता जो दुकानाची पायरी चढतो, तो एकतर फार नडलेला असतो, नाहीतर पत्ता चुकलेला. म्हणून दार वाजलं तेव्हा दीक्षाने स्क्रीनवरून मान न उचलताच विचारलं, "काय पायजे?"

"पासपोर्ट फोटो. आत्ताच्या आत्ता होईन का?"

तिने वर पाहिलं. दारात घामाने निथळणारा एक उंच माणूस उभा होता. पस्तिशीचा असेल. शर्ट चुरगळलेला, डोळे जागरणाने लाल, आणि खांद्यावर... एक नाही, दोन कॅमेरे.

"तुमच्याजवळ दोन कॅमेरे हायत," ती म्हणाली.

"हो."

"अन् फोटो माह्याकडून काढाचा?"

"स्वतःचा मले काढता येत नाही. अन् दुसऱ्या कोनी कधी काढलाच नाही." तो ओशाळून हसला. "शेवटचा कॉलेजच्या ओळखपत्रावर हाय. त्यात मले मिशी नाही."

"मिशी तं आताबी धड नाही. बसा."

प्रेमकथेची सुरुवात म्हणून हे फारसं बरं नाही, कबूल. पण लग्नसराईच्या शेवटच्या आठवड्यात फोटोवाल्या माणसांकडून याहून गोड बोलण्याची अपेक्षा कुणी करू नये. गेल्या सात आठवड्यांत दीक्षाने बत्तीस लग्नांचे अल्बम लावले होते. बत्तीस नवऱ्यांच्या गालांवरच्या पुटकुळ्या पुसल्या होत्या, मामांच्या कपाळावरचा घाम पुसला होता, रुसलेल्या आत्यांना फोटोच्या कडेला नेऊन बसवलं होतं. ती तेहेतीस वर्षांची होती आणि लग्न या गोष्टीचा तिला मनापासून कंटाळा आला होता, स्वतःच्या लग्नाच्या विषयाचा तर आधीच.

तो स्टुलावर बसला. बसला म्हणजे काय, शिक्षा झाल्यासारखा टेकला. हातांचं काय करायचं ते त्याला कळेना.

"मान सरळ," दीक्षा म्हणाली. "थोडी खाली. इतकी नाही वो... लोकायले असंच छळता का लग्नात?"

"लोकं माह्याकडं पाहतच नाहीत. मी मांडवाचा खांब असतो." त्याची नजर काउंटरमागच्या भिंतीवर गेली. तिथे बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी होते, खाली विझलेली मेणबत्ती. तो जरा सैलावला. "जय भीम. मी सुगत. अमरावतीचा."

"जय भीम. आता हलू नका."

तेवढ्यात तो हसला, आणि तिने बटण दाबलं. सरकारी कामाला हसरा फोटो चालत नाही हे तिला ठाऊक होतं. तिने दुसरा काढला. पहिला मात्र पुसला नाही.

फोटो कशाला हवा, हे तिने उगीचच विचारलं. अमरावतीत एक प्रदर्शन होतं, वऱ्हाडातल्या फोटोवाल्यांचं. अर्जाची आज शेवटची तारीख होती.

"तुमचे कशाचे फोटो?"

"भिंतींचे."

"म्हंजे रंगाऱ्याचं काम."

"घरातल्या भिंतींवर जे फोटो टांगलेले असतात ना, त्यायचे फोटो." तो सावकाश बोलू लागला, दमलेला माणूस आवडत्या विषयावर बोलतो तसा. "मी घरोघर जातो. भिंतीवर कोन हाय, कोन नाही, मधात कोन हाय ते पाहतो. लोकायले विचारलं का आपल्याबद्दल सांगा, तं ते लाजतात. भिंतीवरच्या मानसाबद्दल विचारलं, का सारंच सांगून टाकतात."

"या इकडं, दोनातला कोनता ठेवू ते सांगा," ती म्हणाली.

तो काउंटरला वळसा घालून आला आणि स्क्रीनपाशी थबकला. तिचं अर्धवट काम तसंच उघडं होतं. हिरव्या पातळातली एक बाई. मांडीवर हात ठेवून बसलेली. चेहऱ्याच्या जागी काहीच नाही.

सुगतने स्वतःचा फोटो पाहिलाच नाही. तो वाकला, त्या हातांकडे पाहत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "या हातायले मी ओळखतो."

त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक चित्र पुढे सरकवलं. तेल्हारा. अकोट. बाळापूर. दहीहंडा. घरं वेगळी, भिंतींचे रंग वेगळे, हार घातलेल्या बायांचे चेहरे वेगळे. पातळ कुठे हिरवं, कुठे जांभळं केलेलं. पण हात तेच. उजव्या हाताची करंगळी आतल्या बाजूला वाकडी.

"दोन वर्सापासून शोधून राहिलो," तो म्हणाला. "मले वाटे इंटरनेटवरची कोनी बाई असन. पन अशी करंगळी... कोनाचे हात हायत हे?"

दीक्षाने स्क्रीन बंद केली. "तुमचा फोटो झाला. दहा मिनिटांनी या."

*

गोष्ट साधी होती आणि धंद्यातल्या सगळ्यांना माहीत होती. बाप गेला की त्याचा एखादा फोटो सापडतो. लग्नातला, सत्कारातला, नाहीतर बैलजोडीबरोबरचा. आई गेली की सापडत नाही. आई नेहमी फोटोच्या चौकटीबाहेर असते, कुणाला तरी हाक मारत. मग मतदान कार्डावरचा नखाएवढा चेहरा घेऊन पोरं स्टुडिओत येतात आणि म्हणतात, ताई, चांगला मोठा फोटो करून द्या, आईला चांगलं पातळ घाला. स्टुडिओ चेहरा स्वच्छ करतो आणि त्याखाली तयार अंग लावतो. याला धंद्यात बॉडी लावणं म्हणतात. तेराव्याला, नाहीतर बौद्ध घरांत पुण्यानुमोदनाला, सगळे त्या फोटोपुढे हात जोडतात. बॉडी कुणाची, हे कुणी विचारत नाही.

सुगतने विचारलं होतं. आणि तो विचारायला पुन्हा पुन्हा येत राहिला.

जूनमध्ये तो आणखी पासपोर्ट फोटो मागायला आला.

"एका मानसाले किती पासपोर्ट फोटो लागतात?"

"बँकेत देतो, गॅसच्या ऑफिसात देतो... लोकं जपून ठेवतात."

"असा काय लागून गेला तुमचा चेहरा?"

"काढनारी चांगली होती."

ती खाली पाहून पाकीट चिकटवत राहिली. चिकटलेलं पाकीट तिने आणखी एकदा चिकटवलं.

मग तो अमरावतीहून दह्यातला गिला वडा घेऊन येऊ लागला. अकोल्याला पोचेपर्यंत त्याचा लगदा झालेला असायचा, आणि दोघं तो काउंटरवर कागद पसरून निमूट खायचे. दोघांनाही बोलायचा कंटाळा असायचा. तो रात्रभर कुणाच्या तरी वरातीसमोर उलटा चाललेला, ती दिवसभर कुणाच्या तरी मुलीचा रंग 'थोडा उजळ' करून दमलेली. स्थळासाठी द्यायच्या त्या फोटोंचा तिला विशेष वीट होता. पोरगी सावळीच छान दिसायची आणि बाप म्हणायचा, अजून एक घर वाढवा. हे ती सुगतला सांगायची, तो ऐकायचा. थकलेल्या माणसाचं ऐकायला दुसरं थकलेलं माणूसच लागतं, असं दीक्षाला त्या दिवसांत वाटू लागलं. त्याच्या गाडीचा आवाज गल्लीच्या तोंडाशीच तिला ओळखू येऊ लागला होता. हे ती स्वतःजवळही कबूल करत नव्हती.

जुलैतल्या एका संध्याकाळी पाऊस असा लागला की मोर्णा नदीच्या पुलावर पाणी चढायच्या बेताला आलं. वीज गेली. तो अडकला. अंधुक उजेडात दोघं बाकावर बसले, मध्ये एक हात अंतर ठेवून.

"माह्या मायचे हात हायत ते," दीक्षा अचानक म्हणाली.

तो तिच्याकडे वळला.

"आठ वर्सं झाले. शेजारच्या मैनाबाई गेल्या. फोटो म्हनून नुस्तं रेशनकार्ड. मायनं ट्रंकेतलं नवं पातळ नेसलं अन् स्टुलावर येऊन बसली. म्हने, मैनाच्या नातवायले आजी पुरी दिसली पायजे. माय तवा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाले होती. मशिनीत सापडली होती तिची करंगळी." पावसाचा आवाज मोठा होता, तिला थांबावं लागलं. "मंग ती बॉडी राहिली कॉम्प्युटरमध्ये. दुसरी बाई आली, घाई होती, लावून देल्ली. मंग तिसरी... मायलेबी नाही सांगतलं. मोजलेबी नाहीत किती ते."

"मले चौदा घरी सापडले."

ती दचकली. चौदा.

"दीक्षा... तुले तं दोन मिनिटं लागले असते. करंगळी सरळ काहून नाही केली?"

त्याने पहिल्यांदाच तिला 'तू' म्हटलं होतं. दोघांनीही ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

"साऱ्या दुनियेचे डाग पुसते मी," ती म्हणाली. "तेवढी करंगळी माह्यानं नाही पुसल्या गेली."

मधलं अंतर केव्हा सरलं कोण जाणे. त्याने तिचा हात हातात घेतला नाही, फक्त स्वतःच्या करंगळीने तिच्या करंगळीला स्पर्श केला आणि तसाच राहू दिला. पाऊस थांबल्यावरही थोडा वेळ.

"कोनाले सांगजो नको," ती निघताना म्हणाली.

त्याने मान हलवली. त्या मान हलवण्याचा तिने एक अर्थ घेतला, आणि त्याने दुसरा. तिला वाटलं, गोष्ट इथेच राहिली. त्याला वाटलं, नावं सांगायची नाहीत.

*

ऑगस्टमध्ये त्याची निवड झाली. तो पेढे घेऊन आला आणि मोबाईलवर प्रदर्शनाची मांडणी दाखवू लागला. मोठी भिंत, आणि तिच्यावर ओळीने चौदा फोटो. चौदा घरं, चौदा चेहरे, एकच हात. वर मोठ्या अक्षरांत: 'एक आई'.

"कोनाचं नाव नाही टाकलं," तो आनंदाने म्हणाला. "पाह्यनाऱ्याच्या अंगावर काटा येईन, दीक्षा. साऱ्या वऱ्हाडाची एक माय..."

दीक्षाने पेढा काउंटरवर ठेवला. "त्या घरच्या लोकायनं पाहिलं तं?"

"अमरावतीले कोन येऊन राहिलं?"

"पेपरात येईन. मोबाईलवर येईन. तेल्हाऱ्याचा कोनी पोरगा पाहीन आपली आजी. शेजारी दुसऱ्याची आजी, तिलेबी तेच हात." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "लोकं रोज उदबत्ती लावतात त्या फोटोले. अन् त्यायले असं कळाचं? परक्या भिंतीवरून?"

"पन खरं तं हाय ना ते. अन् किती सुंदर हाय..."

"तुह्यासाठी सुंदर हाय. ते विचारतीन, हात कोनाचे. मंग विचारतीन, कोनत्या घरचे. आडनाव विचारतीन, सुगत. त्यातले नऊ-दहा घरं पाटलायचे, देशमुखायचे हायत. माह्या मायनं जल्मभर त्यायचा कापूस वेचला अन् जिनिंगमध्ये त्यायचाच कापूस उचलला, पन त्यायच्या बैठकीत नाही बसली कधी. अन् इथं हारात बसून हाय. तुले हे समजत नाही, असं नोको म्हनू."

त्याला समजत होतं. पण मोबाईल त्याने खिशात ठेवला तो जरा नाइलाजानेच, आणि ते दीक्षाने पाहिलं.

"जा तू," ती म्हणाली.

तीन आठवडे गाडीचा आवाज आला नाही. आला असता तर तिने दार लावून घेतलं असतं, असं ती स्वतःला सांगत होती आणि कान मात्र गल्लीकडे ठेवत होती. काम होतंच. एका बाईच्या चेहऱ्याखाली लावायला तिने ती हिरवी बॉडी उघडली आणि बंद केली. पुन्हा उघडली. हात धजला नाही. त्या बाईच्या मुलाला तिने नुसता चेहऱ्याचा फोटो करून दिला, मोठा, दाणेदार. तो नाराज होऊन गेला.

मग एका सकाळी सुगत आला. दाराबाहेरच उभा राहिला. दाढी वाढलेली.

"चौदाही काढून टाकले," तो म्हणाला. "प्रदर्शनवाल्यायले कळवलं, का माह्यं नाव यादीतून कमी करा. माह्यं चुकलं. तू मले मानूस म्हनून सांगतलं होतं, मी फोटोवाला म्हनून ऐकलं."

हे ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"तू काढले," ती म्हणाली. "त्या घरच्या भिंतींवर तं हायतच ना. तू नाही दाखवले तरी मी खोटीच." ती बराच वेळ शटरच्या कडीशी चाळा करत राहिली. रात्री तिने आईला, पार्वताबाईंना, सगळं सांगितलं होतं. त्यांनी ऐकून एवढंच विचारलं होतं, की त्या बायांच्या लेकरांना ठाऊक आहे का. आणि नाही म्हटल्यावर कूस बदलून झोपल्या होत्या. "तेल्हाऱ्याले चालतो का माह्यासोबत? मले सांगाचं हाय त्यायले. एकेका घरी जाऊन. कोनी हाकलून देल्लं, तं सोबत कोनी पायजे."

सुगतने कॅमेरे तिच्याच दुकानात ठेवले आणि गाडी चालू केली.

*

तेल्हाऱ्याच्या पंजाबरावांची बैठक मोठी होती. सत्तरी ओलांडलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस, दारातच खुर्ची टाकून बसलेला. समोरच्या भिंतीवर त्यांची बायको सुभद्रा, हारात. हिरवं पातळ, मांडीवर हात. चार वर्षांपूर्वी हा फोटो दीक्षानेच केला होता.

ती उभ्याउभ्याच बोलली. बसून बोलली असती तर धीर सुटला असता. चेहरा तुमच्या घरच्या बाईंचा आहे, बाकी सगळं माझ्या आईचं आहे. आईचं नाव पार्वताबाई. जिनिंगमध्ये मजूर होती. आम्ही बौद्ध आहोत. मी तुम्हाला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. इतकं एका दमात बोलून ती थांबली.

पंजाबराव उठले. फोटोपाशी गेले. चष्मा वर करून, खाली करून, त्या हातांकडे पाहत राहिले.

"मी तं नातवायले सांगत असतो," ते म्हणाले, "का तुमच्या आजीची करंगळी वाकडी होती."

हात उसने देताना तिने काय नेलं, हे दीक्षाला आत्ता कळत होतं.

"मंग कसे होते तिचे हात?" म्हातारा स्वतःलाच विचारत होता. "बेचाळीस वर्सं तिच्या हातचं खाल्लं मी." ते खुर्चीत बसले. आतून सून डोकावली आणि परत गेली. सुगत एक पाऊल पुढे आला होता, दीक्षाच्या अगदी मागे, लागेल इतक्या जवळ.

"जाड होते," पंजाबराव अखेर म्हणाले. "बोटं आखूड. मोठे कडे घालाची, तं मनगटाले काळा डाग पडला होता. अन् भाकर थापताना..." त्यांनी स्वतःचा पंजा हवेत हलवून दाखवला. "चार वर्सं झाले, आठवलंच नव्हतं पाय पोरी. या फोटोकडं पाहून पाहून इसरलो."

"मी दुसरा करून देते, बाबा. हात न दाखवता."

"राहू दे." त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. "तुही माय हाय का?"

"हाय."

"मंग तिले घेऊन ये एक दिवस. चार वर्सं झाले माह्या घरात बसून हाय, चहाबी नाही पाजला कोनी. इथंच बसून घेऊ चहा, बैठकीत."

दीक्षा रडली. बाहेर आल्यावर नाही, तिथेच, त्यांच्यासमोर.

सगळी घरं तशी नसतात. अकोटच्या चंदाबाईंनी, म्हणजे तिथल्या गेलेल्या बाईंच्या लेकीने, सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: "कोनत्या समाजाच्या म्हनल्या तुमी?" मग खुर्चीवर चढून तिने फोटो काढला, भिंतीकडे तोंड करून जमिनीवर ठेवला, आणि दार लावून घेतलं. भिंतीवर फिकट चौकोन तेवढा दिसला, दार लागेपर्यंत.

*

अकोटबाहेर एका टपरीवर ते थांबले. दोघांच्या केसांत धूळ. सप्टेंबरचं ऊन कापसाच्या पानांवर पसरलेलं. चहा गोडमिट्ट होता आणि कुणालाच तो नको होता.

"अजून बारा घरं हायत," दीक्षा म्हणाली.

"असू दे."

"सारेच पंजाबराव नसतीन."

"नसू दे."

"सुगत, चूक माही हाय. तुह्यं प्रदर्शन गेलं, शनवार गेला. तुले काय पडलं हाय?"

तो ग्लासातल्या सायीकडे पाहत होता. "ती बाई दार लावत होती ना... तवा तू मागं सरकली अन् माह्यावर टेकली. तुले मालूमबी नसन." त्याने ग्लास खाली ठेवला. "मले वाटलं, हे असं जल्मभर चालन मले. कोनी दार लावो का उघडो. तू मागं सरकशीन तं मी तिथं असलो पायजे, बस."

एक ट्रॅक्टर धडधडत गेला. तो जाईपर्यंत दोघांना गप्प बसावं लागलं.

"हे लग्नाचं विचारून राहिला का तू?"

"हो."

"बत्तीस लग्नं पाहिले मी या साली. कोनी असं टपरीवर, असल्या तोंडानं नाही विचारलं."

"मंग उद्या विचारतो. तू थकली हायस आज. थकव्यात होकार देशीन अन् मंग म्हनशीन..."

"नाही," ती म्हणाली. "आजच विचार. मी ताजी असली का साऱ्यायले बरं वाटन तेच बोलते. धंदाच हाय माहा तो. थकली का मंग माह्यानं खोटं नाही बोलल्या जात."

"मंग सांग."

तिने त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं, कपाळावर धुळीची रेघ, ओठ उन्हाने फुटलेले. यातलं काहीही पुसावंसं तिला वाटलं नाही.

"हो," ती म्हणाली.

दुसऱ्यांदा म्हणायचं त्राण तिच्यात नव्हतं, आणि त्यानेही मागितलं नाही. तो नुसताच खाली मान घालून हसत राहिला, वेड्यासारखा. थोड्या वेळाने दोघं उठले, कपडे झटकले आणि गाडीवर बसले. दहीहंड्याचं घर अजून लांब होतं, आणि अंधार पडायच्या आत पोचायला हवं होतं.